पणजीहून दोन रात्री, डोंगर आणि तळं: आंबोली, चोर्ला, तिळारी की गणेशगुडी?

ताळगावकर

नमस्कार मंडळी. किनारा आम्हांला रोजचाच, त्यामुळे सुट्टीत पुन्हा वाळूत जाऊन बसण्यात घरच्या कुणालाच रस नाही. दोन रात्री डोंगरात काढाव्यात आणि जवळपास तळं नाहीतर धरणाचं पाणी असावं, एवढीच मागणी आहे. माणसं पाच: आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, सलग पन्नास पायऱ्या म्हणजे तिची हद्द झाली. ती मासे-मटण खात नाही. गाडी साधी हॅचबॅक, पाच माणसं आणि सामान भरलं की प्रत्येक गतिरोधकाला खाली घासते.

तारखा दोन सुचतायत. चतुर्थीची धावपळ संपल्यावर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, नाहीतर दिवाळीनंतर नोव्हेंबर. जाहिरातीत सगळीच ठिकाणं ‘निसर्गाच्या कुशीत’ असतात, त्यावरून काही कळत नाही. मला विचारायचंय ते असं: या चारांत फरक नेमका कशाचा? गाडी दारापर्यंत कुठे जाते, वयस्कर माणसांना नुसतं खोलीत बसून राहावं लागतं असं ठिकाण कुठलं, आणि पाण्याजवळ खरोखर जाता येतं का?

घाटमाथा

ताळगावकरबाब, आधी तारीख पक्की करा. जागा त्या तारखेवरच ठरते.

आपल्या भागात डोंगर आणि तळं एकाच वेळी ऐन रंगात नसतात. जुलै ते सप्टेंबर हे डोंगराचे दिवस. धबधबे भरलेले, सडे (डोंगरमाथ्यावरची सपाट कातळी पठारं) हिरवेगार. पण तेव्हाच धरणांत घाटावरून उतरलेलं तांबडं गढूळ पाणी असतं, काठ निसरडे असतात आणि विसर्ग कधी सुरू होईल याचा नेम नसतो. दिवाळीनंतर सगळं उलटं. धबधब्याची धार बारीक होते, पण गाळ खाली बसलेला असतो, पाणी नितळ आणि काठोकाठ, आभाळ धुतलेलं. एप्रिल-मेमध्ये पाणी इतकं खाली जातं की भोवती तांबड्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो, आणि फोटोतलं तळं हेच का असा प्रश्न पडतो. तेव्हा सप्टेंबर असेल तर आंबोली, नोव्हेंबर असेल तर गणेशगुडी. चोर्ला आणि तिळारी तुमच्या घरच्या मंडळींसाठी मुक्कामाची नव्हेत. त्यावर इथले जाणकार लिहितीलच, मी आंबोलीचं सांगतो.

वाट: म्हापसा, पत्रादेवी, बांदा. बांद्याहून सावंतवाडीत न शिरता दाणोलीला जाणारा रस्ता घेतला की थेट घाटाच्या पायथ्याशी निघता. एकूण अंतर ९० किलोमीटरच्या आसपास, वेळ अडीच तास धरा. उंची साधारण ६९० मीटर. शंभर मीटर चढलं की पारा सुमारे ०.६ अंश उतरतो, म्हणजे पणजीपेक्षा चार-साडेचार अंश कमी, त्याहून जास्त नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण लोक ‘थंड हवेचं ठिकाण’ म्हणून मे महिन्यात जातात आणि दुपारी पंख्याखाली बसून कुरकुरतात. खरी थंडी हवी तर महाबळेश्वर, १३५० मीटर. पण ते दोन रात्रींचं काम नव्हे, येण्याजाण्यातच सगळे दिवस मोडतात.

आंबोलीचा पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात, पणजीच्या दुपटीहून जास्त. समुद्रावरून आलेले ढग इथल्या कड्याला अडतात, वर चढताना थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. सप्टेंबरअखेर जोर ओसरलेला असतो. दिवसातून दोन-चार सरी, मधेच लख्ख ऊन. चौकुळच्या बाजूला सड्यावर तेरडा, सोनकी, सीतेची आसवं फुललेली असतात. गर्दीही ऑगस्टच्या मानाने फार कमी.

आता काय कुणाला झेपेल ते. हिरण्यकेशीला वाहनं थांबतात तिथून देवळापर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे, आईंना आरामात जमेल. टोकाला गुहेतून पाणी येतं, तिथे चप्पल काढून जावं लागतं आणि दगडांवर शेवाळ असतं, तेवढा भाग त्यांनी सोडावा. या झऱ्यातून २०२० मध्ये माशाची एक नवी जात नोंदवली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी, बोटाएवढीसुद्धा नाही. त्यामुळे २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. मुलीला पाण्यात बघू द्या, पकडू देऊ नका, आणि त्या पाण्यात साबण तर अजिबात नको.

नांगरतास बेळगावच्या रस्त्याला दहा-एक किलोमीटरवर, रस्त्याला लागूनच. अरुंद घळीत पाणी कोसळतं आणि वरून बघता येतं. कावळेसादला कठड्यापर्यंत सपाट चालणं आहे, पण तिथल्या उलट्या धबधब्याची आशा सप्टेंबरअखेर धरू नका. दरीतून वर येणारा वारा जोराचा असला तरच पाणी मागे उडतं, आणि तसा वारा जून ते ऑगस्टचा. व्हिडिओ बघून जाणारे इथेच फसतात. धुक्यात काहीच दिसलं नाही तर लगेच गाडी वळवू नका. अर्धा तास थांबायची तयारी ठेवा, वारा फिरला की दरी पाच मिनिटांसाठी उघडते आणि पुन्हा मिटते. घाटातला मुख्य धबधबा मात्र शनिवार-रविवारी टाळाच. रस्त्यालाच चिकटून असल्यामुळे दोन्हीकडून गाड्या उभ्या राहतात, वाहतूक तुंबते. जाताना सकाळी आठच्या आत किंवा मधल्या वारी.

आणि स्पष्टच सांगतो, आंबोलीला तळं नाही. पाणी हवं तर परतीच्या दिवशी सावंतवाडीचा मोती तलाव, शहराच्या मधोमध, समोर राजवाडा, काठाने बसायला जागा. आईंना हे बहुतेक सगळ्यात जास्त आवडेल. वेळ असेल तर कुडाळमार्गे धामापूर. मालवण तालुक्यातलं ते तळं १५३० मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधून घेतलं, काठाला भगवतीचं देऊळ, तिन्ही बाजूंनी झाडीचे डोंगर. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. माझ्या मते या सबंध पट्ट्यात ‘तळं’ म्हणावं असं एवढं एकच आहे, बाकी सगळी धरणं.

दोडामार्गी

तिळारीबद्दल. पाणी बघायचं तर पणजीहून सर्वांत जवळचं मोठं पाणी हेच, दीड तासात पोहोचता. महाराष्ट्र आणि गोवा यांचा हा संयुक्त प्रकल्प, गोव्याच्या बाजूला कालव्यांनी येतं ते हेच पाणी. पण हे धरण आहे, सहलीचं ठिकाण म्हणून कुणी बांधलेलं नाही. लांबून बघायचं, डबा खायचा, परत फिरायचं. बोटीच्या भरवशावर येऊ नका.

पाण्याजवळ जाता येतं का, असं मूळ पोस्टमध्ये विचारलंय. पाण्यात उतरायचं म्हणाल तर उत्तर नाही. कारण नीट समजून घ्या, म्हणजे मुलीलाही पटवता येईल. नदीचा काठ हळूहळू खोल होतो. धरणाचा काठ म्हणजे बुडालेल्या डोंगराचा उतार, गुडघाभर पाण्यातून दोन पावलं पुढे टाकली की डोक्यावरून पाणी. त्यात वर्षभर पातळी वरखाली होत असल्यामुळे काठावर जो गाळ साठतो तो वरून वाळलेला दिसतो आणि आत पाय पिंडरीपर्यंत रुततो. खाली बुडलेली झाडं, कुंपणाच्या तारा, घरांचे चौथरे. पट्टीचे पोहणारेही अशाच जागी अडकतात. धरणाखालच्या नदीत मगरी आहेत, हे वेगळंच.

हत्तींचंही ध्यानात ठेवा. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती या तालुक्यात उतरले, तेव्हापासून इथल्या केळी-माडांच्या बागांना त्यांचा उपद्रव आहे. २०२० मध्ये तिळारीचा काही भाग संवर्धन राखीव जाहीर झाला. दिवसा मुख्य रस्त्यावर काही भीती नाही, पण दिवेलागणीनंतर बागांमधल्या आडवाटेला गाडी घालू नका. वाटेत हत्ती उभा असेल तर हॉर्न नको, प्रखर दिवा नको, गाडी मागे घ्यायची आणि थांबायचं.

अजून एक. आंबोलीहून परतताना मोबाइलचा नकाशा कधी कधी चंदगडवरून तिळारी घाट उतरायला सांगतो. ऐकू नका. तो घाट थोड्या लांबीत फार उंची उतरतो, वळणं अगदी आखूड आहेत. पाच माणसांची भरलेली हॅचबॅक तिथे सतत ब्रेकवर उतरवली की ब्रेक तापतात, पॅडल दाबूनही गाडी धरत नाही. आला त्याच आंबोली घाटाने परत जा.

अनमोडवाला

नोव्हेंबर ठरला तर गणेशगुडीचं मी सांगतो. दांडेली म्हणून जी जाहिरात होते त्यातली बरीचशी गंमत दांडेली गावात नसून अलीकडे, सुपा धरणाखाली गणेशगुडी आणि जोयडाच्या परिसरात आहे. फोंडा, मोले, अनमोड घाट, रामनगर, जगलबेट असा रस्ता. अंतर ११० ते १२० किलोमीटर, पण घाट आणि जंगलातला रस्ता धरून साडेतीन तास. पावसाळ्यात अनमोड घाटात दरडी येतात, निघायच्या आदल्या दिवशी रस्ता चालू असल्याची खात्री करा.

सुपा धरण काळी नदीवर, उंची १०१ मीटर. धरणाच्या भिंतीवर पर्यटकांना सहज सोडत नाहीत आणि तिथे फोटो काढायलाही मनाई आहे, त्यामुळे ‘लेक व्ह्यू’ खोली म्हणजे काय दिसणार ते आधी विचारा. पुष्कळदा ते खालच्या नदीचं पात्र असतं. पण ते पात्रच छान आहे. वरच्या वीजघरातून पाणी सोडतात म्हणून उन्हाळ्यातही नदी भरून वाहते, आणि राफ्टिंग चालतं तेही त्याच पाण्यावर. इथेच लोकांचा घोटाळा होतो. राफ्टिंग पावसावर अवलंबून नाही, वीजनिर्मितीवर आहे. पाणी सोडलं नाही तर पैसे भरूनही राफ्ट निघत नाही, भर पावसाळ्यात तर ते बंदच. म्हणून आगाऊ पूर्ण रक्कम देऊ नका, रद्द झालं तर काय ते लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर घेतलं तरी चालेल. नऊ वर्षांच्या मुलीला मोठ्या राफ्टिंगला घेणार नाहीत, घेतो म्हणाले तर त्या माणसाकडे जाऊच नका. तिच्यासाठी संथ पाण्यातली छोटी फेरी किंवा कयाक पुरे. लाइफ जॅकेटचे तिन्ही पट्टे लागतात का ते स्वतः बघा आणि खांद्याजवळ धरून वर ओढून पाहा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते तिच्या मापाचं नाही.

आई-बाबांसाठी खरा माल म्हणजे पक्षी. धनेश इथे मुबलक, सकाळी साडेसहा ते साडेआठ फळांनी लगडलेल्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलं तरी दिसतात. पायऱ्या नाहीत, चढ नाही. सोबत दुर्बीण असू द्या, ८ बाय ४० ची पुरते, याहून मोठी घेतली की म्हाताऱ्या हातात हलते. नदीच्या दांडेलीकडच्या भागात मगरी आहेत, तिथे पाय बुडवून बसायचा विचारही नको.

कर्नाटकात जेवणाचा प्रश्न कमी. शाकाहारी म्हटलं की भात, सांबार, पल्या (भाजी), चपाती कुठेही मिळते, आईंचे हाल होणार नाहीत.

सांगेकर

सगळे राज्याबाहेर धाडतायत म्हणून लिहितो. साळावली धरण पणजीहून सत्तर किलोमीटरच्या आत, मडगाव-केपेमार्गे. दुर्बिणीची गरज नाही, घाट नाही, गाडी बागेच्या दारापर्यंत जाते. जुलैच्या आसपास धरण भरलं की बदकाच्या चोचीच्या आकाराच्या त्या सांडव्यात पाणी तिन्ही बाजूंनी आत कोसळतं. सप्टेंबरअखेर पाऊस बरा असेल तर तेव्हाही चालू असतं. आईंना कठड्याशी उभं राहून बघता येईल. जवळच कुर्डीचं जुनं महादेवाचं देऊळ आहे, धरणात बुडणार म्हणून दगड-दगड सोडवून इकडे आणून पुन्हा उभारलेलं. कुर्डी गाव म्हणजे गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं जन्मगाव. मे महिन्यात पाणी उतरलं की गावाचे चौथरे वर येतात आणि मूळ गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात.

पुढे नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाजवळ बुडबुड्यांची तळी आहे. पायऱ्यांच्या पुष्करणीच्या तळातून सतत बुडबुडे येत असतात, मुलीला तासभर पुरेल. सावरी आणि मैनापीच्या धबधब्यांचा नाद मात्र आई-बाबांना घेऊन नको. वाट रानातली, चढउताराची. शिवाय जुलै २०२३ मध्ये मैनापीला दोघे बुडाल्यानंतर सरकारने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी घातली होती. तेव्हापासून वन खात्याकडे चौकशी केल्याशिवाय कुठल्याही धबधब्याला निघू नये. दूधसागरचंही तसंच. कुळे गावातून तिकडे जाणारी जीप पावसाळ्यानंतर सुरू होते आणि तो रस्ता दगडाधोंड्यांचा, ओढे ओलांडत जाणारा. दुखऱ्या गुडघ्यांना आणि कंबरेला शिक्षाच. रुळांवरून चालत जाणं तर बेकायदा, रेल्वेवाले थेट कारवाई करतात.

घाटमाथा

सांगेकरबाब, साळावली एक दिवसाला उत्तम, पण दोन रात्रींना नाही. उंची नसल्यामुळे हवा पणजीसारखीच दमट, रात्री पांघरूण लागत नाही. ज्यांना ‘डोंगरात गेलो’ असं वाटून घ्यायचंय त्यांचं त्याने समाधान होत नाही. ताळगावकरांनी ते एखाद्या रविवारी वेगळं करावं.

ताळगावकर

सगळ्यांना देव बरे करो. घरी वाचून दाखवलं. सप्टेंबर आणि आंबोली असा कौल पडला, धनेश पुढच्या खेपेला. तीन शंका राहिल्या. धुक्यात घाट चालवायची सवय नाही. जळवांना मुलगी घाबरते. आणि खोली ठरवताना फोनवर काय विचारायचं? शिवाय चोर्ला का नको ते कुणी सांगितलंच नाही, तो तर सगळ्यांत जवळ.

साखळीकर

चोर्ला वाईट नाही, तुमच्यासाठी नाही. घाट ८०० मीटरपर्यंत चढतो, गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक तिथे एकमेकांना भिडतात, रान म्हणाल तर आंबोलीपेक्षा दाट. म्हादई अभयारण्य शेजारीच. पण बघण्यासारखं जे आहे ते चालून गाठायचं असतं, परवानगी आणि वाटाड्या घेऊन. वज्रा-सकलाचे जोड धबधबे तसेच. चालणं वजा केलं की उरते खोलीची खिडकी आणि धुकं. मोबाइलला रेंज जेमतेम, दवाखाना खाली साखळीला नाहीतर पलीकडे बेळगावच्या बाजूला. वयस्कर माणसं बरोबर असताना मला ते जड वाटतं. तळं म्हणाल तर पायथ्याला केरीजवळ अंजुणे धरण आहे, घाट चढताना वळणावरून सुंदर दिसतं. तेवढ्यासाठी अर्ध्या दिवसाची चक्कर मारून या, पेट्रोल साखळीतच भरून.

आता धुकं. नव्वद टक्के लोक पहिली चूक करतात ती अप्पर लावण्याची. धुक्यातले थेंब तो उजेड परत डोळ्यांवर फेकतात, समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर ठेवा, धुक्याचे दिवे असतील तर तेही. हॅझर्ड लावून गाडी चालवू नका, कारण मग तुम्ही वळताय की उभे आहात ते मागच्याला कळत नाही. हॅझर्ड फक्त थांबल्यावर. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यावर नजर ठेवून गेलात तर समोरून येणारी एसटी अंगावर येईल, म्हणून डाव्या कडेचा पांढरा पट्टा धरा. वळणाआधी एकदा हॉर्न.

काच आतून धुरकटली तर एसीची हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू ठेवा. पाच माणसांच्या श्वासाची वाफ आतल्या आत फिरत राहिली तर काच कधीच स्वच्छ होणार नाही. बाहेरून धुरकटली तर काच फार गार झालीय, तापमान थोडं वाढवा आणि वायपर मारा. फडक्याने पुसत बसू नका, तेलकट ओरखडे राहतात आणि समोरच्या दिव्यात ते चमकतात.

उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, आंबोलीला बहुतेक दुसरा. न्यूट्रलवर सोडून पेट्रोल वाचवणारे शहाणे अजून आहेत, त्यांच्यात जाऊ नका. निघण्याआधी टायरच्या खाचा बघा, खाच दोन मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर ओल्या घाटात तो टायर नको. टायरमधली हवा, माणसं-सामानाने भरलेल्या गाडीसाठी दाराच्या चौकटीवर जो आकडा दिलाय तेवढी भरा, म्हणजे गाडी टेकणंही थोडं कमी होईल. आणि शक्यतो चारच्या आत वर पोहोचा. अंधार, धुकं आणि पाऊस तिन्ही एकत्र आले की सवयीचे ड्रायव्हरही कडेला गाडी लावतात.

मुलीला गाडी लागत असेल तर निघताना दूध-चहा नको. कोरडी पोळी किंवा पाव, आल्याची वडी, आणि पुढची काच दिसेल अशी मधली जागा. घाटात मोबाइल हातात द्यायचा नाही, निम्म्या उलट्या त्यानेच होतात.

वाळपईची वहिनी

जळवांना घाबरायचं काही कारण नाही, दुखतसुद्धा नाही. फुलपँट मोज्यांत खोचायची, मोजे जाड आणि घट्ट विणीचे हवेत, सैल विणीतून त्या आत शिरतात. बुटांवर आणि मोज्यांवर मिठाचं पाणी किंवा तंबाखूचं पाणी शिंपडायचं, पावसाने धुपलं की पुन्हा. डांबरी रस्त्यावर आणि फरशीच्या वाटेवर त्या फारशा नसतात, पाचोळा आणि ओलं गवत हे त्यांचं घर.

चिकटली तर ओढू नका. तोंडाकडची बाजू बारीक असते, तिथे कातडीलगत नख सरकवायचं, सुटते. मग मागचं टोक. मीठ टाकून किंवा चटका देऊन काढली तर ती पोटातलं जखमेत ओकण्याची शक्यता असते, म्हणून नख बरं. नंतर रक्त बराच वेळ ओघळतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा अंश असतो. साबणाने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा, पट्टी लावा. बाबा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेत असतील तर त्यांना मात्र गवतात उतरवू नका, डॉक्टरांनाही आधी विचारून ठेवा.

मुलीसाठी छोटी टॉर्च घ्या. आंबोलीला रात्री बेडकांचा जो बाजार भरतो तो अंगणातूनही ऐकू येतो, माहीतगार माणूस बरोबर असेल तर आंबोलीचा तो खास छोटा भेकही दाखवतो. हात लावायचा नाही, आपल्या हाताचं मीठ, क्रीम, डासांचं औषध त्यांच्या कातडीतून आत जातं.

घाटमाथा

खोलीचं राहिलं. आंबोली गावात हॉटेलं आहेत आणि चौकुळला घरगुती न्याहारी निवास. चौकुळ शांत, जेवण घरचं, पण गाव पसरलेलं आहे, त्यामुळे ‘शेवटचा पाव किलोमीटर कच्चा आहे का’ हा पहिला प्रश्न. तुमची टेकणारी गाडी सप्टेंबरच्या चिखलात अडकली तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

पुढचे प्रश्न असे. खोली तळमजल्यावर आहे का, आणि दारापर्यंत किती पायऱ्या? कमोड आहे ना? गरम पाणी कशावर? सोलर म्हणाले तर पावसाळ्यात ते नसल्यातच जमा, गिझर किंवा बंब हवा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर नुसता दिवा चालतो की पंखा आणि गिझरही? आंबोलीच्या पावसात वीज जाते, हे धरूनच चला. गाद्या आणि पांघरुणं ओलसर असतात ही तिथली सार्वत्रिक तक्रार, दोन चादरी आणि कपडे वाळवायला दोरी घरून न्या. खोलीचा फोटो मागवताना ‘आज काढलेला’ असं सांगा, जाहिरातीतला नको.

आईंचं जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवा. तिकडे न सांगता गेलं की कोंबडी-वडे आणि त्याच रश्शाच्या डावाने वाढलेली उसळ समोर येते. सांगितलं की पिठलं-भाकरी, वालाची उसळ, सोलकढी नीट करून देतात.

पेट्रोल पणजीतच भरा, आपल्याकडे स्वस्त पडतं. जाऊन-येऊन आणि तिथली फिरती मिळून २६० किलोमीटर धरली तर भरलेल्या हॅचबॅकला सतरा-अठरा लिटर लागेल, टाकी एकदा भरली की काम झालं. रोख रक्कम जवळ असू द्या, रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत.

आणि गाडीत गोव्याची बाटली ठेवू नका, भेट म्हणून नाही, उरलेली अर्धी म्हणूनही नाही. परवान्याशिवाय महाराष्ट्रात ती नेणं गुन्हा आहे, बांद्याला आणि आंबोलीच्या वाटेवर तपासणी असते. गाडी जप्त झाली तर आई-बाबांना घेऊन पुढची एसटी शोधायची पाळी येईल.